खुर्ची वॉशिंग्टनला, चौकट आमच्या पडद्यावर

न्यू जर्सीतल्या ज्या रुग्णालयसमूहात मी नोकरी करते, तिथल्या आमच्या विभागात वॉशिंग्टनच्या बातम्या राजकारण म्हणून कोणी वाचत नाही. आरोग्यमंत्री कोण होणार, ज्येष्ठांचा सरकारी विमा म्हणजे मेडिकेअर चालवणाऱ्या सीएमएसच्या प्रमुखपदी कोण बसणार, आरोग्य-नोंदींच्या 'नॅशनल कोऑर्डिनेटर'साठी कोणाचं नाव चाललंय, याचा आमच्या लेखी अर्थ एवढाच: येत्या दोन वर्षांत पडद्यावर कोणते रकाने वाढणार, कोणते अहवाल मागितले जाणार आणि कोणकोणत्या डॉक्टरांच्या नाकदुऱ्या काढायला आपल्याला धाडलं जाणार. मी मूळची फार्मसीची. कराडला बी.फार्म. करून इकडे आले, हेल्थ इन्फर्मॅटिक्समध्ये मास्टर्स केलं आणि संगणकावर औषधांच्या ऑर्डरी कशा लिहिल्या जाव्यात हे ठरवणाऱ्या गटात शिरले. तोवर राजकारणाशी माझा संबंध फोनवर वडिलांशी वाद घालण्यापुरता होता. या नोकरीने मला सिनेटच्या समित्यांचं वेळापत्रक पाठ करायला लावलं.

सुरुवात २००९ ची. जानेवारीत शपथ घेण्याआधीच ओबामांनी जाहीर केलं होतं की पाच वर्षांत देशातल्या सगळ्या वैद्यकीय नोंदी संगणकावर आणणार. त्यासाठी आणि एकूणच आरोग्य-सुधारणांसाठी त्यांनी माणूस निवडला होता टॉम डॅशल. सिनेटमधले बहुमताचे माजी नेते, आरोग्यव्यवस्थेवर पुस्तक लिहिलेले. आरोग्यमंत्री तेच आणि व्हाइट हाउसमधल्या सुधारणा कार्यालयाचे प्रमुखही तेच, अशी दुहेरी खुर्ची त्यांच्यासाठी मांडून ठेवली होती. आमचे मुख्य वैद्यकीय माहिती अधिकारी (आम्ही त्यांना नुसतं 'डॉक' म्हणायचो) डॅशल यांचं पुस्तक पिशवीत घेऊन फिरत आणि मीटिंगमध्ये त्यातली पानं काढून दाखवत. मग निघालं ते गाडी आणि ड्रायव्हरचं प्रकरण. एका धनिकाने वापरायला दिलेल्या गाडी-ड्रायव्हरच्या सोयीवरचा कर डॅशल यांनी वेळेत भरला नव्हता. ३ फेब्रुवारीला त्यांनी माघार घेतली. डॉकनी पुस्तक कपाटात ठेवलं आणि 'आता दोन वर्षं काही होत नाही' असं भाकीत करून टाकलं.

दोनच आठवड्यांनी, १७ फेब्रुवारीला, ओबामांनी डेन्व्हरमध्ये आर्थिक उत्तेजनाच्या कायद्यावर सही केली. त्याच्या पोटात हायटेक नावाचा कायदा होता. डॉक्टरने संगणकीय नोंदी 'अर्थपूर्ण रीतीने' वापरल्या तर मेडिकेअरकडून त्याला काही वर्षांत मिळून ४४,००० डॉलरपर्यंत, रुग्णालयांना लाखो डॉलर. आणि २०१५ पासून न वापरणाऱ्यांच्या बिलातून कपात. 'अर्थपूर्ण' म्हणजे काय, हे मात्र कायद्याने आरोग्यमंत्र्यावर सोपवलं होतं, आणि आरोग्यमंत्रीच नव्हता. सीएमएसला प्रमुख नव्हता. हॉल बुक, आचारी ठरलेला, पंगतीचा मेनू छापायला टाकलेला आणि नवरदेवाचा पत्ता नाही, अशी अवस्था.

डॉकचं भाकीत खोटं ठरलं त्याचं कारण मला तेव्हा नीट कळलं नव्हतं, आता कळतं. डॅशल गेल्याने मोठ्या सुधारणेच्या राजकारणाला धक्का बसला. विमा सगळ्यांना मिळावा यासाठीचा कायदा २३ मार्च २०१० ला झाला तोवर काय काय रामायण घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नोंदींचं गाडं त्या रामायणात अडकलं नाही, कारण त्यांचा पैसा मंदीच्या पॅकेजातून सुटला होता. सुधारणेच्या बाजूने असणं-नसणं याच्याशी त्याचा संबंध उरला नव्हता. पैसा कायद्याने येतो. खुर्चीवरचा माणूस ठरवतो, तो कशाकशासाठी मोजला जाणार. आमच्यासारख्यांचं आयुष्य या दुसऱ्या गोष्टीवर चालतं.

मार्चमध्ये कोऑर्डिनेटर म्हणून डेव्हिड ब्लूमेंथल यांचं नाव आलं. बॉस्टनचे डॉक्टर, हार्वर्डचे प्राध्यापक. त्याच महिन्यात 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये एक पाहणी छापून आली, तिच्या लेखकांत हेही होते: देशातल्या अवघ्या १.५ टक्के रुग्णालयांत सर्वांगीण संगणकीय नोंदी होत्या, आणखी ७.६ टक्क्यांत कामचलाऊ. म्हणजे विहीर किती कोरडी आहे हे मोजणाऱ्यालाच पाणी भरायला बसवलं. आरोग्यमंत्री म्हणून कॅन्ससच्या गव्हर्नर कॅथलीन सिबेलियस यांना सिनेटची मंजुरी मिळाली २८ एप्रिलला, स्वाइन फ्लूच्या धामधुमीत. सुधारणा कार्यालयासाठी व्हाइट हाउसने वेगळीच व्यक्ती नेमली. डॅशल यांची एक खुर्ची दोन झाली ती कायमचीच.

नियमांचा मसुदा ३० डिसेंबरला आला. आमच्या ऑफिसात त्या वर्षी नवीन वर्षाची पार्टी झाली नाही, प्रिंटर तेवढा चालला. दवाखान्यातल्या डॉक्टरांसाठी २५ उद्दिष्टं, रुग्णालयांसाठी २३, आणि सगळीच्या सगळी पुरी करायची; एक हुकलं तरी पैसे नाहीत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ८० टक्के ऑर्डरी स्वतःच्या हाताने संगणकावर लिहायच्या. आमच्याकडे असे डॉक्टर होते की जे चाळीस वर्षं डिक्टाफोनवर बोलत आले होते आणि कीबोर्डला हात लावणं हे सेक्रेटरीचं काम समजत होते. त्यांना ८० टक्के सांगायला जाणार कोण? मी.

देशभरातून दोन हजारांवर हरकती गेल्या. १३ जुलै २०१० ला अंतिम नियम आला तेव्हा आकडे खाली आले होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांसाठी पंधरा उद्दिष्टं सक्तीची, पुढच्या दहांतली कोणतीही पाच निवडायची. ऑर्डरींचा ८० टक्क्यांचा आकडा ३० वर आला आणि तोही फक्त औषधांपुरता. प्रिस्क्रिप्शन थेट औषधाच्या दुकानात पाठवण्याचा ७५ टक्क्यांचा ४० वर. ब्लूमेंथल यांच्यासारख्या रुग्ण तपासलेल्या माणसाने हा नियम हातात घेतलाय, हे वाचताना कळत होतं. दवाखान्यात सकाळी अकराला काय परिस्थिती असते याची जाण त्या आकड्यांमध्ये होती. कोणी म्हणेल, हे लॉबीचं दडपण. असेलही. पण दडपणाखाली नेमकं काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हे ठरवायला माणूस लागतो. औषध आणि अ‍ॅलर्जी यांचा मेळ तपासण्याचं कलम त्यांनी सोडलं नाही. माझ्यासारख्या फार्मसीवाल्या बाईला तेवढं पुरे होतं.

नियम जाहीर झाला त्या दिवशी व्यासपीठावर सीएमएसचे नवे प्रमुखही होते, डोनाल्ड बर्विक. बालरोगतज्ज्ञ, रुग्णालयांतल्या चुकांनी होणारे मृत्यू थांबवण्याच्या चळवळीतलं मोठं नाव. आमच्या नर्सिंग विभागात त्यांची व्याख्यानं दाखवली जात. ओबामांनी त्यांना सहाच दिवसांपूर्वी, सिनेटला सुटी असताना, परस्पर नेमलं होतं, कारण सिनेटमध्ये त्यांचा निभाव लागणार नव्हता. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचं कौतुक केल्याचा गुन्हा त्यांच्या नावावर होता. अशा नेमणुकीची मुदत असते; डिसेंबर २०११ मध्ये ते गेले. २००६ ते २०१३ या काळात सीएमएसला सिनेटने मंजूर केलेला एकही प्रमुख लाभला नाही. देशातला सगळ्यात मोठा आरोग्य-बिलं चुकती करणारा विभाग, आणि दारावर पाटी 'प्रभारी'ची.

प्रभारी माणूस काम थांबवत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. कायमस्वरूपी अधिकारी हुशार आहेत, कष्टाळू आहेत. पण प्रभारी माणूस खोडत नाही. एखादं कलम निरुपयोगी ठरलंय हे सगळ्यांना दिसत असतं, ते काढून टाकायला मात्र स्वतःच्या नावाने शब्द द्यावा लागतो. आम्ही सीएमएसच्या प्रश्नोत्तरांच्या पानावर जगायचो. तातडीच्या विभागातला रुग्ण मोजायचा की नाही, अशा प्रश्नाला एक उत्तर असायचं, काही महिन्यांनी त्याच क्रमांकाखाली सुधारित उत्तर. आम्ही दोन्हींच्या प्रती छापून ठेवत असू, पुढेमागे ऑडिट आलं तर कोणत्या तारखेला काय खरं होतं ते दाखवायला. आपल्याकडच्या तहसील कचेरीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. माझे वडील जिल्हा परिषदेत होते, त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "प्रभारी साहेबाकडे सही मागायला जाऊ नये, तारीख मागायला जावं."

या सगळ्याचं जमिनीवर काय होतं, त्याचा एक नमुना सांगते. पहिल्या टप्प्याच्या, म्हणजे २०१० च्या नियमाच्या, सक्तीच्या उद्दिष्टांत एक होतं: तेरा वर्षांवरच्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या धूम्रपानाची नोंद. चांगलीच गोष्ट. पर्याय सरकारने ठरवून दिलेले, सहा: रोज ओढणारा, कधीमधी ओढणारा, पूर्वी ओढणारा, कधीच न ओढलेला, ओढायचा पण आता ओढतो का ते माहीत नाही, आणि काहीच माहीत नाही. नवी यंत्रणा सुरू झाली त्या आठवड्यात आम्ही रंगीत जाकिटं घालून नर्सांच्या कोपराशी उभे असायचो, कोणी अडलं की मदतीला. आमच्या भागात आपली माणसं पुष्कळ. एक आजी आल्या, सुनेबरोबर, तोंडात बरी न होणारी जखम घेऊन. नऊवारी, वर मुलाचं जाड जाकीट. फिलिपिनो नर्सने पडद्यावरचा प्रश्न वाचला, फोनवरच्या दुभाष्याने तो मराठीत सांगितला. आजी उसळल्या. "अगं बाई, मी काय विड्या ओढणारी दिसते होय तुला?" नर्सने 'कधीच नाही'वर टिचकी मारली. रकाना हिरवा झाला.

माझं लक्ष आजींच्या दातांकडे गेलं. हिरड्यांच्या कडेने काळी रेघ. मी सुनेकडे पाहिलं, तिने मान खाली घातली. "आजी, मिश्री लावता का हो?" "ती लावतेच की! दिवसातनं तीनदा. दात घासायला नको?" तंबाखू भाजून केलेली मिश्री, पन्नासेक वर्षं, हिरडीला. आणि पडद्यावर कधीच न ओढलेली व्यक्ती, शंभर टक्के बरोबर. नर्सने विचारलं, हे कुठे लिहू? लिहायला शेरा टाकायची जागा होती. शेऱ्यातलं कोणत्याही अहवालात मोजलं जात नाही, म्हणून पुढचा डॉक्टरही तो उघडून बघत नाही. तिथे आम्ही लिहिलं आणि मी स्वतः जाऊन डॉक्टरच्या कानावर घातलं. नंतर आम्ही आमच्या पातळीवर न ओढल्या जाणाऱ्या तंबाखूसाठी वेगळा रकाना बांधला. तो मंजूर व्हायला बराच वेळ गेला, कारण समितीत पहिला प्रश्न असायचा: 'हे वॉशिंग्टनने मागितलंय का?'

ब्लूमेंथल २०११ च्या वसंतात हार्वर्डला परतले आणि त्यांच्या जागी फरझाद मोस्ताशारी आले. गळ्यात बो-टाय, बोलण्यात आवेश. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्यात साथरोगांचं काम करून आलेले. आमच्या कामावर त्याचा ठसा लगेच दिसला, निदान आम्हाला तसं वाटलं. एकेका रुग्णाच्या फाइलपेक्षा याद्यांवर भर: ज्यांची साखर नियंत्रणात नाही त्यांची यादी काढा, लसीकरण सरकारी नोंदवहीत पाठवा. दुसऱ्या टप्प्याच्या नियमात, ऑगस्ट २०१२ मध्ये, एक कलम आलं ज्याने आमची झोप उडवली. पाच टक्क्यांहून अधिक रुग्णांनी स्वतः पोर्टलवर जाऊन आपल्या नोंदी पाहिल्या पाहिजेत. मसुद्यात तर दहा टक्के होते. डॉक्टरने काय करावं हे सांगणं वेगळं. रुग्णाने घरी जाऊन काय करावं यावर डॉक्टरचे पैसे अडकवणं वेगळं. हेतू उदात्त होता. अंमल असा झाला की डिस्चार्जच्या टेबलावर टॅब्लेट घेऊन मुली बसवल्या. रुग्ण घरी जायच्या घाईत, हातात औषधांच्या पिशव्या, आणि ही मुलगी म्हणतेय, आजोबा, इथे एकदा लॉगिन करा. केलं की झालं, मोजला गेला. ते आजोबा पुन्हा कधी त्या पोर्टलवर गेले असतील का, ते कोणी विचारलं नाही.

ऑक्टोबर २०१५ मध्ये हा पाच टक्क्यांचा आकडा बदलून 'किमान एक रुग्ण' करण्यात आला. एक! टॅब्लेटवाल्या मुलींना दुसऱ्या कामाला लावलं. मला वाईट वाटलं, अगदी खरं सांगायचं तर रागच आला. पाच टक्के जास्त असतील, पण त्या ओझ्याखाली आमच्या पोर्टलची भाषा सोपी झाली होती, स्पॅनिशमध्ये पानं आली होती. एक रुग्ण म्हटल्यावर त्या कामाचा सगळा निधी दुसऱ्या वर्षी आटला.

मधल्या काळात त्या खुर्च्यांचं लक्षच जागेवर नव्हतं. १ ऑक्टोबर २०१३ ला विमा विकणारं सरकारी संकेतस्थळ उघडलं आणि कोसळलं. पुढचे कित्येक महिने मंत्रालयाचा सगळा जीव त्यात अडकला आणि एप्रिल २०१४ मध्ये सिबेलियस यांनी राजीनामा जाहीर केला. कोऑर्डिनेटरपदी जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या कॅरन डिसाल्व्हो मला मनापासून आवडत. त्या न्यू ऑर्लीन्सच्या. २००५ मध्ये कॅटरिना वादळात त्या शहरातल्या रुग्णालयांचे कागद पाण्यात गेले. माजी सैनिकांच्या रुग्णालयाच्या नोंदी संगणकावर होत्या म्हणून त्या दुसऱ्या राज्यांत गेलेल्या रुग्णांना मिळाल्या. ते जवळून पाहिलेली बाई नोंदी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यावर जोर देणार, हे उघड होतं आणि तिने दिलाही. पण ऑक्टोबरमध्ये इबोला आला आणि त्यांना दुसऱ्या पदाचाही भार सांभाळायला सांगितलं.

खुर्चीचा शब्द किती चालतो, याचा धडा त्याच वर्षी मिळाला. आजारांच्या संकेतांकांची नवी यादी, आयसीडी-१०, एकदा लांबली होती. मेरिलिन टॅव्हेनर, म्हणजे सीएमएसला इतक्या वर्षांनी मिळालेल्या मंजूर प्रमुख, फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीस ऑर्लँडोच्या मोठ्या परिषदेत ठणकावून म्हणाल्या, आता मुदतवाढ नाही. आमच्या गटातले दोघं तिथे होते, त्यांनी तिथूनच मेसेज पाठवला आणि आम्ही प्रशिक्षणाच्या तारखा पक्क्या केल्या, बाहेरून शिकवणारी माणसं ठरवली, डॉक्टरांच्या सुट्या अडवल्या. १ एप्रिलला, होय, एप्रिल फूलच्याच दिवशी, काँग्रेसच्या एका वेगळ्याच विधेयकावर सही झाली आणि त्यातल्या एका ओळीने ती तारीख वर्षभर पुढे गेली. टॅव्हेनरबाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या हातात ते नव्हतंच.

२०१७ मध्ये टॉम प्राइस आरोग्यमंत्री झाले तेव्हा आमच्या अस्थिरोग विभागात मिठाई वाटायचीच बाकी होती. ते स्वतः हाडांचे सर्जन, आणि संगणकीय नोंदींच्या जाचाबद्दल उघड बोलणारे. आता हे रकाने जाणार, असं आमचे सर्जन मला जिन्यात गाठून सांगायचे, जसा काही रकाना मीच शोधून काढला होता. फेब्रुवारीत आलेले प्राइस सप्टेंबर संपताना गेले, सरकारी खर्चाने खासगी विमानं फिरवल्याच्या बोभाट्यात. रकाने होते तिथेच.

खरं काम त्यांच्या हाताखालच्या खुर्चीत झालं, हे सर्जनांना अजूनही पटत नाही. सीएमएसच्या सीमा वर्मा राजकीयदृष्ट्या मला पटणाऱ्या नव्हत्या. मेडिकेडवरच्या गरिबांना काम करण्याची अट घालण्याचा त्यांचा हट्ट मला निर्दय वाटे. पण कागदांचं ओझं कमी करण्याची त्यांची भाषा नुसती भाषा राहिली नाही. 'अर्थपूर्ण वापरा'च्या जुन्या कार्यक्रमाचं नाव त्यांनी २०१८ मध्ये बदललं, ते सोडा. नावं बदलायला काय लागतं, आमच्या स्लाइडवरचं बोधचिन्ह बदललं. महत्त्वाचं घडलं ते १ जानेवारी २०२१ पासून. तोवर दवाखान्यातल्या भेटीचं बिल वरच्या दराने लावायचं तर डॉक्टरला शरीराच्या डझनभर भागांबद्दल विचारल्याचं लिहावं लागे. गुडघा दुखतोय म्हणून आलेल्या माणसाच्या नोंदीत 'ऐकू व्यवस्थित येतं, भूक चांगली' हे सगळं, बहुतेकदा मागच्या भेटीतून उचलून चिकटवलेलं. नव्या नियमाने बिल ठरू लागलं डॉक्टरने केलेल्या विचारावर किंवा दिलेल्या वेळेवर. आमच्या काही डॉक्टरांच्या नोंदी अर्ध्या झाल्या आणि मला प्रथमच त्या वाचून रुग्णाला काय झालंय ते कळायला लागलं. काहींच्या मात्र तेवढ्याच लांब राहिल्या. सवय.

त्याच सुमारास कोऑर्डिनेटर होते डॉन रकर, तातडीच्या विभागात काम केलेले. रुग्णाची माहिती अडवून ठेवणं २०१६ च्या कायद्याने बेकायदा ठरवलं होतं. त्याचा नियम लिहून पुरा केला रकर यांच्या कार्यालयाने, मार्च २०२० मध्ये, करोना दारात असताना. मुदत थोडी वाढली आणि ५ एप्रिल २०२१ पासून तपासणीचा निकाल तयार झाला की रुग्णाच्या फोनवर, डॉक्टरने बघितला असो वा नसो. कॅन्सर विभागातल्या डॉक्टरांनी आमच्यावर तोंडसुख घेतलं. शनिवारी रात्री बायोप्सीचा अहवाल एकटीने वाचणाऱ्या बाईचा फोन सोमवारी त्यांनाच घ्यावा लागत होता. मला दोन्ही बाजू दिसतात. पण माझ्या मामेसासऱ्यांचा अहवाल पूर्वी एका कार्यालयात बारा दिवस पडून होता, तेव्हा माझं मत कुठे झुकतं ते लपवत नाही.

करोनाच्या काळातला एक किस्सा वगळता येत नाही. जुलै २०२० मध्ये मंत्रालयाने फर्मान काढलं की रुग्णालयांनी खाटा आणि रुग्णांचे रोजचे आकडे साथरोगांवर लक्ष ठेवणाऱ्या सीडीसीच्या जुन्या यंत्रणेत नव्हे, मंत्रालयाच्या नव्या यंत्रणेत भरायचे. सूचना जेमतेम काही दिवसांची. आकडे तेच, माणसं तीच, रकान्यांची व्याख्या वेगळी. वर कोणाचं कोणाशी पटत नाही याचा निकाल आमच्याकडच्या रात्रपाळीच्या एका मुलीने एक्सेलमध्ये लावला.

एका गोष्टीला मात्र यातली एकही खुर्ची हात लावू शकलेली नाही. रुग्णाला देशभर एकच क्रमांक असावा, असं १९९६ च्या कायद्यात होतं. त्यावर सरकारी पैसा खर्च करायला काँग्रेसने १९९८ मध्ये बंदी घातली आणि ती दरवर्षी नव्याने घातली जाते. त्यामुळे माणूस ओळखायचा तो नाव, जन्मतारीख, पत्ता यांवरून. आता आमच्या भागात याचं काय होत असेल, मराठी माणसाला सांगायला नको. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून टाकून दिलेली आख्खी पिढी इथे मुलांकडे येते. पाटील, १ जून, पत्ता त्याच गृहसंकुलातला. संगणकाला दोन पाटील एकच वाटतात, किंवा एकच पाटील दोन. सोमवारी सकाळी 'संभाव्य दुबार' म्हणून जी यादी येते, तिच्यातल्या १ जूनवाल्यांची नावं गटातले लोक न बोलता माझ्याकडे सरकवतात.

पुण्याला माझा मावसभाऊ आहे, रुग्णालयांचं सॉफ्टवेअर आभा या भारतातल्या आरोग्य-ओळख क्रमांकाला जोडून देतो. भारताने सुरुवातच चौदा आकडी क्रमांकाने केली. तिथल्या डिजिटल आरोग्याचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष जे. सत्यनारायण हे आधार प्राधिकरणाचेही अध्यक्ष होते आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाची धुरा पुढे ज्यांच्याकडे आली ते आर. एस. शर्मा आधारचे पहिले महासंचालक. आधी ओळख, मग नोंद, हा क्रम कुठून आला ते यावरून समजतं. इथे डॉक्टर बसले, म्हणून आधी ऑर्डर आणि अ‍ॅलर्जी. भाऊ म्हणतो, आमच्याकडे क्रमांक ढिगाने निघाले, आता त्या क्रमांकाखाली डॉक्टरांनी काही लिहावं म्हणून खेटे घालतोय. आमच्याकडे लिहिलेलं ढीगभर आहे आणि ते कोणत्या पाटलांचं हे शोधतोय.

२०२५ च्या एप्रिलपासून सीएमएसच्या खुर्चीवर मेहमेत ऑझ आहेत, हृदयशल्यविशारद, पण देशाला माहीत ते टीव्हीमुळे. जुलैच्या अखेरीस व्हाइट हाउसमध्ये कार्यक्रम झाला, साठाहून अधिक कंपन्यांनी वचनं दिली. त्यातलं एक आमच्या स्वागतकक्षाच्या थेट अंगावर येणारं: दवाखान्यात गेल्यावर हातात मिळणारा फॉर्मचा पॅड बंद, फोनवरचा क्यूआर कोड दाखवा, माहिती आपोआप भरली जाईल. टीव्हीवरच्या माणसाला जे टीव्हीवर दिसेल ते सुचलं, असं आमच्यातला एक जण कुचकटपणे म्हणाला. कल्पना वाईट नाही, मला स्वतःला तो पॅड नकोसा होतो. स्वागतकक्षाच्या प्रमुख बाईंबरोबर याची पहिली बैठक झाली. वीस वर्षं त्या खिडकीत बसलेली बाई. तिने तंत्रज्ञानाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. एवढंच विचारलं, की ज्यांचा फोन मुलाच्या नावावर आहे आणि मुलगा ऑफिसात आहे, त्यांच्यासाठी पॅड किती शिल्लक ठेवायचे. आम्ही पाचशेची ऑर्डर तशीच चालू ठेवली आहे.